सुबोधता आणि अधिकार : मराठी गद्याच्या इतिहासातील एक प्रश्न

१

मराठी समीक्षेत 'सुबोधता' ही संज्ञा बहुधा शैलीच्या एका गुणाची निदर्शक म्हणून वापरली जाते. ओघ, डौल, नेमकेपणा यांच्या मालिकेत ती येते आणि एखाद्या लेखकाच्या भाषेविषयी चार शब्द लिहिताना शेवटच्या वाक्यात तिची नोंद होते. या वापरामागे संस्कृत काव्यशास्त्राची पार्श्वभूमी आहे. मम्मटाने माधुर्य, ओज आणि प्रसाद असे तीन गुण मानले. त्यांपैकी प्रसादाला त्याने सर्व रसांत स्थान दिले आणि वाळलेल्या सरपणात अग्नी पसरावा तशी चित्त तत्काळ व्यापण्याची शक्ती हे त्याचे लक्षण सांगितले. उपमा मार्मिक आहे. परंतु तिच्यातील सरपण आधीच वाळलेले आहे, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. अभिनवगुप्ताच्या विवेचनातील सहृदय हा काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याचा मनरूपी आरसा निर्मळ झाला आहे असा रसिक आहे. प्रसादगुणाची कल्पना अशा सिद्ध झालेल्या रसिकाला गृहीत धरते. ओल्या लाकडाचे काय करावयाचे, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

शास्त्रग्रंथांच्या परंपरेत हा प्रश्न निराळ्या नावाने पुढे येतो. ग्रंथारंभी ज्या चार अनुबंधांचा निर्देश करावयाचा त्यांत विषय, संबंध आणि प्रयोजन यांच्याबरोबर 'अधिकारी' याचाही समावेश होतो. ग्रंथ कोणासाठी, हे आधी ठरते. येथे अधिकार म्हणजे पात्रता. मराठीत या शब्दाला आज दुसराही अर्थ आहे, तो म्हणजे हक्क. मराठी गद्यातील सुबोधतेचा इतिहास हा पुष्कळ अंशी अधिकार या शब्दाच्या पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे झालेल्या प्रवासाचा इतिहास आहे. वाचकाची पात्रता काय, या प्रश्नाच्या जागी वाचकाचा हक्क काय, हा प्रश्न जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तेव्हा मराठी गद्याची घडण बदलली. त्या दृष्टीने काही निवडक टप्प्यांचा येथे विचार करावयाचा आहे.

२

पहिला टप्पा महानुभावांचा. नागदेवाचार्यांच्या आठवणी सांगणाऱ्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात एक प्रसंग आहे. केसोबास हे संस्कृतात पारंगत. 'रत्नमालास्तोत्र' त्यांनी त्याच भाषेत रचले. पंथीय विषयावर पुढे संस्कृतात लिहिण्यापासून नागदेवाचार्यांनी त्यांना परावृत्त केले आणि त्याचे कारण असे दिले की, तसे केल्याने पंथातील म्हाताऱ्या नागवल्या जातील. या प्रसंगाचा उल्लेख मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून नेहमी होतो. तथापि त्यातील क्रियापद अधिक विचारार्ह आहे. म्हाताऱ्यांना कळणार नाही, असे आचार्य म्हणत नाहीत. त्या नागवल्या जातील, असे म्हणतात. जे मुळात आपले आहे तेच हिरावून घेतले तर माणूस नागवला जातो. चक्रधरांचे निरूपण म्हाताऱ्यांनी मराठीतून ऐकलेले होते, ते त्यांचे होते. संस्कृतात गेल्याने ते दुर्बोध झाले असतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची मालकी बदलली असती.

ही भूमिका केवळ भाषेच्या निवडीपुरती नव्हती. तिने रचनेचाही एक प्रकार घडवला. केसोबासांनीच संकलित केलेल्या 'दृष्टान्तपाठा'त ११४ दृष्टान्त आहेत आणि त्यांची मांडणी त्रिपदरी आहे. प्रथम सूत्र, म्हणजे चक्रधरांचे मोजक्या शब्दांतील वचन. मग दृष्टान्त, म्हणजे लोकव्यवहारातील एखादी घटना. आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या घटनेचा सूत्राशी असलेला संबंध. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची कथा या ग्रंथात याच चौकटीत येते. सोपी गोष्ट सांगून कठीण सिद्धान्त टाळावा, असा येथील व्यवहार नाही. सूत्र आपल्या जागी कठीणच राहते आणि दृष्टान्त त्याच्यापर्यंत जाण्याची वाट होतो. ती वाट कोठे पोचते हे दार्ष्टान्तिकात उघडपणे सांगावे लागत असल्यामुळे, दृष्टान्त सूत्राला लागू पडतो की नाही हे ऐकणाऱ्याला पारखता येते. सोपेपणा आणि सुबोधता यांच्यातील भेद येथे स्पष्ट होतो. सोपेपणात विषयाचा काही भाग गाळलेला असतो. सुबोधतेत विषय पुरता असतो आणि त्याच्याकडे जाण्याच्या पायऱ्या उघड्या असतात.

या इतिहासाचा उत्तरार्ध मात्र विपरीत आहे. चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. ग्रंथांचे पावित्र्य आणि संरक्षण, विटंबनेची भीती, अशी त्याची कारणे सांगितली जातात. परिणाम असा झाला की, 'लीळाचरित्रा'सारखे बोलीच्या अगदी जवळचे, छोट्या वाक्यांचे गद्य पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला काही शतके अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी महंत आणि वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारखे संशोधक यांच्यामुळे या लिप्यांची उकल झाली. पुढे ह. ना. नेने, वि. भि. कोलते प्रभृतींच्या संपादनांमुळे हे वाङ्मय अभ्यासकांच्या हाती आले. मधल्या काळात त्या गद्याचा एकही शब्द कठीण झाला नव्हता, तरीही ते बंद होते. सुबोधता ही केवळ वाक्याच्या पोटात वसणारी गोष्ट असती, तर असे घडले नसते. वाक्य आणि वाचक यांच्यामध्ये कोण उभे आहे, यावरही ती अवलंबून असते.

३

एकोणिसाव्या शतकात मुद्रणाने हे मधले अंतर बदलून टाकले. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. मोडी लिखाणातील शब्द न तोडता लिहिण्याची रीत मुद्रित देवनागरीत मागे पडली. थॉमस कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. वाक्य कोठे थांबते, प्रश्न कोणता, दुसऱ्याचे बोलणे कोठून कोठवर आहे, हे यापुढे वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दिसू लागले. तोवर ही कामे वाचून दाखवणाऱ्याचा आवाज करीत असे. विरामचिन्हांनी त्या आवाजाची गरज कमी केली, म्हणजेच एकट्याने, मध्यस्थाविना वाचणारा वाचक शक्य केला.

हा नवा वाचक कोण असणार, हा वाद मात्र पुढे तीन-चार दशके चालला. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील मांग समाजातील विद्यार्थिनीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील युक्तिवादाची रचना पाहण्यासारखी आहे. वेद ब्राह्मणांचेच, त्यांकडे पाहण्याचाही इतरांना अधिकार नाही, हे विधान ती प्रतिपक्षाकडून जसेच्या तसे घेते. मग धर्मग्रंथ नसलेले आपण धर्मरहित ठरतो, हा त्याचा निष्कर्ष काढते. आणि आपला धर्म कोणता ते ईश्वराने सांगावे, अशी मागणी करते. तर्कशास्त्राच्या परिभाषेत याला प्रतिपक्षाचे गृहीतक मान्य करून त्यावर अनिष्टापत्ती आणणे म्हणतात. एका शाळकरी मुलीच्या भाषेत ते तीन पावलांत पूर्ण होते. या लेखनाचे कौतुक आजवर प्रामुख्याने त्यातील वेदनेसाठी झाले आहे, त्यातील तर्काची दखल तुलनेने कमी घेतली गेली. साधी भाषा भावनेची असते आणि विचाराची भाषा भारदस्त असते, हा समज त्याच्या मुळाशी असावा.

जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवरील पवाडा प्रसिद्ध केला. कुणबी, माळी, महार, मांग इत्यादी लोकांच्या उपयोगी पडावा म्हणून त्यात लांबलचक संस्कृत शब्द योजले नाहीत, असा खुलासा त्यांनी प्रस्तावनेतच केला आहे. ग्रंथाचा अधिकारी कोण, या जुन्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. पूर्वी अनधिकारी मानलेल्यांची येथे नावे घेऊन नेमणूक झाली आहे. चार वर्षांनी आलेल्या 'गुलामगिरी'त (१८७३) या नेमणुकीला रचनेचे रूप मिळाले. हा ग्रंथ जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद आहे. धोंडिबा शंका विचारतो, उदाहरण मागतो, पुढे काय झाले म्हणून खोदून विचारतो. संवादाचे रूप गुरुशिष्यपरंपरेत जुनेच असले, तरी येथे ते एका विशिष्ट कामासाठी वापरले आहे. ज्याला ग्रंथ वाचण्याची सवय नाही अशा माणसासाठी ग्रंथातच एक जागा राखलेली आहे आणि त्या जागेवरून त्याला लेखकास अडवता येते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'निबंधमाले'तून फुल्यांच्या लेखनावर केलेली टीका सर्वपरिचित आहे. तिच्यातील जातीय अभिनिवेशाची चर्चा पुष्कळ झाली. येथे तिचे वाङ्मयीन अंग तेवढे पाहावयाचे आहे. चिपळूणकरांचा एक महत्त्वाचा आक्षेप व्याकरणाच्या आणि शुद्धलेखनाच्या चुकांवर होता. १८७४ साली 'मराठी भाषेची सांप्रतची स्थिती' या निबंधाने आरंभ झालेल्या 'निबंधमाले'ने मराठी गद्याला जे दिले ते लहान नाही. दीर्घ विचार पेलणारे वाक्य, उपरोधाची धार, इंग्रजी शिकलेल्यांच्या अनास्थेपुढे मराठीच्या सामर्थ्याविषयीचा विश्वास, ही तिची देणगी आहे. परंतु शुद्धता हा निकष प्रतिपादनाच्या खऱ्याखोटेपणाआधी लावला की तो पात्रतेचा निकष होतो. ज्याची विभक्ती चुकते त्याच्या युक्तिवादाला उत्तर देण्याचे कारण उरत नाही. अधिकाराचा जुना अर्थ येथे व्याकरणाच्या वाटेने परत येतो.

याचा अर्थ फुल्यांचे प्रत्येक प्रतिपादन ग्राह्य होते, असा नाही. दशावतारांतून आक्रमणाचा इतिहास वाचण्याची त्यांची पद्धत आणि त्यासाठी दिलेल्या काही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाहीत. परंतु त्या टिकत नाहीत हे कोणत्याही वाचकाला दाखवून देता येते, कारण त्या कोणत्याही आडोशाविना मांडलेल्या आहेत. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथाच्या उपोद्घातातील प्रसिद्ध कारणमालाही अशीच आहे. विद्येच्या अभावापासून निघून ती एकेका दुव्याने शूद्रांच्या अवनतीपर्यंत पोचते आणि प्रत्येक कार्य पुढच्याचे कारण होते. जो सहमत नसेल त्याने कोणता दुवा तुटतो तेवढे सांगावे. सुबोध लेखन लेखकाला असुरक्षित करते, आणि त्याचे वैचारिक मूल्य या असुरक्षिततेतच आहे. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारताना फुल्यांनी लिहिलेल्या पत्राचा आशयही याच दिशेचा आहे. सर्वांचे मानवी हक्क जे उघडपणे आणि कृतीने मान्य करीत नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी आपल्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, असे ते कळवतात. ग्रंथ कोणासाठी हे ठरल्याशिवाय ग्रंथकारांच्या ऐक्याला अर्थ नाही, असाच त्याचा निष्कर्ष निघतो.

याच सुमारास गोपाळ गणेश आगरकर यांनी 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' (१८८८) हे पुस्तक लिहिले. ते ज्या वर्षी प्रसिद्ध झाले त्याच वर्षी त्यांनी 'सुधारक' सुरू केला. हा योगायोग मानला तरी त्यांच्या निबंधांतील शिस्त आणि वाक्याचे अवयव सुटे करून पाहण्याची ही दृष्टी यांचे नाते नाकारता येत नाही. कर्ता कोण, त्याने काय केले, कशासाठी केले, हे प्रश्न रूढीला विचारण्याआधी वाक्याला विचारावे लागतात.

४

विसाव्या शतकात या प्रश्नाला सर्वांत समर्थ उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मराठी पत्रकारितेत मिळते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. पहिल्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग आणि दुसऱ्याच्या शिरोभागी ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. ज्यांच्यासाठी ही पत्रे निघाली त्यांतील बहुसंख्य लोक निरक्षर होते. एकाने वाचावे आणि अनेकांनी ऐकावे, अशीच त्यांच्या प्रसाराची रीत असणे स्वाभाविक होते. अर्थशास्त्राच्या आणि कायद्याच्या अभ्यासाने घडलेली विद्वत्ता अशा श्रोत्यापुढे कशी मांडावी?

'मूकनायक'च्या पहिल्या अग्रलेखातील मनोऱ्याचा दृष्टान्त या दृष्टीने अभ्यसनीय आहे. हिंदू समाज हा अनेक मजल्यांचा मनोरा असून एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी त्याला शिडी नाही. जो ज्या मजल्यावर जन्मला त्याने तेथेच मरावे, असा त्या दृष्टान्ताचा आशय आहे. समाजशास्त्रीय विवेचनात येथे दोन संकल्पना वेगळ्या कराव्या लागतील. एक, श्रेणीबद्धता, दोन, श्रेणी ओलांडण्याची अशक्यता. श्रेणी तर पुष्कळ समाजांत असतात. जातीचे वैशिष्ट्य त्या दोन गोष्टींच्या संयोगात आहे. मजला आणि शिडी या घरगुती शब्दांनी आंबेडकरांनी नेमका हाच संयोग वेगळा काढला. शिवाय दृष्टान्त देऊन ते थांबत नाहीत. खालच्या मजल्यावरील लायक माणसाला वर वाव नाही आणि वरच्या नालायकाला खाली ढकलण्याची सोय नाही, असा त्याचा उलगडाही ते करतात. 'दृष्टान्तपाठा'तील दार्ष्टान्तिकाचे हेच कार्य होते. महानुभावांशी प्रत्यक्ष संबंध जोडण्याचे कारण नाही. ज्ञानाचा हक्क ज्यांना नाकारला गेला त्यांच्याशी विचार करावयाचा तर रचना अशीच वळण घेते, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

बोलण्यातून गद्य घडण्याची आणखी एक नोंद याच काळातील आहे. १९३२ साली धुळे तुरुंगात विनोबा भावे यांनी दिलेली गीतेवरील अठरा प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली आणि त्यांतून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ सिद्ध झाला. समोर बसलेला माणूस समजला नाही तर त्याच्या चेहऱ्यावर दिसते. कागद तसे काही सांगत नाही. 'लीळाचरित्र', 'गुलामगिरी' आणि 'गीता प्रवचने' यांचे विषय आणि भूमिका परस्परांपासून दूर आहेत. तथापि तिन्हींच्या वाक्यांत समोरच्या माणसाचे अस्तित्व टिकून राहिले आहे.

५

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर सुबोधतेचा प्रश्न परिभाषेच्या रूपाने पुढे आला. १९६२ साली पदनाम कोश प्रसिद्ध झाला आणि 'बदनाम कोश' म्हणून त्याची थट्टाही झाली. १९६४ साली राजभाषा अधिनियम आला. पुढे त्या थट्टेचा रोख मुख्यतः शब्दांवर राहिला. परंतु आयुक्त, संचालक, अभियंता हे शब्द आता वर्तमानपत्रांत आणि रोजच्या बोलण्यातही अडत नाहीत. नवा शब्द वापराने रुळतो, हे या इतिहासाने सिद्ध केले. जे रुळले नाही ते शासकीय वाक्य. 'कार्यवाही करण्यात येत आहे', 'निर्णय घेण्यात आला' या रचनांत एकही शब्द अपरिचित नाही. मात्र कोणी केले, कोणी घेतला, याचा पत्ता नाही. आगरकरांच्या पृथक्करणाचा पहिलाच प्रश्न येथे निरुत्तर राहतो. दुर्बोधतेचे खापर संस्कृत शब्दांवर फोडल्यामुळे कर्ता लपवणारी ही वाक्यरचना टीकेतून सुटली. शब्दाचे काठिण्य श्रमाने ओलांडता येते, परंतु वाक्यातून काढून टाकलेला कर्ता कोणत्याही श्रमाने सापडत नाही.

मराठी समीक्षेचा व्यवहार या निकषावर पाहिला तर दोन परंपरा शेजारी शेजारी आढळतात. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या साहाय्याने सौंदर्याचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला. त्यांची मांडणी कठीण आहे. पण तिच्या संज्ञा थोड्या आहेत आणि त्यांवरच सारा भार आहे, म्हणून तिच्याशी वाद घालता आला. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) तो सविस्तर घातला. लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी या दोन ध्रुवांची त्यांची मांडणी वाचकाकडून चिकाटीची अपेक्षा करते. परंतु संज्ञा कोणत्या अर्थाने वापरली, तो अर्थ कोठे बदलला, प्रतिपक्ष काय म्हणेल, हे सांगितल्याविना ते पुढे सरकत नाहीत. एवढा कठीण ग्रंथ आणि तरीही सुबोध, असे त्याचे वर्णन करण्यात विसंगती नाही.

दुसऱ्या परंपरेत संज्ञा येते, तिची व्याख्या येत नाही. पाश्चात्त्य विचारवंताचे नाव येते, त्याने मांडलेला प्रश्न येत नाही. कलाकृतीविषयीचे विधान येते, कलाकृतीतील ज्या स्थळावर ते तपासावे ते स्थळ येत नाही. अशा लेखनावर दुर्बोधतेचा आरोप झाला की विषयाच्या गांभीर्याचे उत्तर दिले जाते. हे उत्तर पाटणकरांच्या उदाहरणापुढे टिकत नाही. गंभीर विषयाला परिभाषा लागते हे खरे. पण परिभाषा ही विचारवंतांमधील करारासारखी असते आणि कराराच्या अटी दोन्ही पक्षांना माहीत असाव्या लागतात. त्या एकाच पक्षाला माहीत असतील तर उरते ते पात्रतेचे प्रदर्शन.

या प्रश्नाला आज एक सामाजिक संदर्भ आहे, तो दृष्टीआड करता येणार नाही. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत घरातील पहिलीच शिकलेली पिढी मोठ्या संख्येने आली, त्याला काही दशके लोटली. समीक्षालेख पाठ करून परीक्षेत उतरवता येतो, परंतु त्याच्याशी असहमत होता येत नाही, असा अनुभव या वर्गांना परका नाही. तेथे ज्ञानाचे संक्रमण झाले असे वरवर दिसते. प्रत्यक्षात विद्यार्थ्याच्या हाती शब्द आले आणि ते तपासण्याचा हक्क लेखकाकडेच राहिला. नागदेवाचार्यांच्या शब्दांत सांगावयाचे तर तो विद्यार्थी नागवला गेला.

सुबोधतेची कसोटी म्हणून वाचकाला किती लवकर कळले हे पाहण्याची प्रथा त्यामुळे अपुरी ठरते. प्रसादगुणाची ती कसोटी वाळलेल्या सरपणासाठी होती. वाचकाने लेखकाला कोठे अडवावे, हे लेखनातून त्याला सापडते काय, हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे. 'गुलामगिरी'त ती जागा धोंडिबाला दिलेली आहे, 'दृष्टान्तपाठा'त ती दार्ष्टान्तिकात आहे, 'सौंदर्यमीमांसे'त ती व्याख्यांच्या काटेकोरपणात आहे. मराठी गद्याच्या इतिहासाचे कालखंड या दृष्टीने पुन्हा पाहिले, तर शैलीच्या प्रकरणात संक्षेपाने उरकली जाणारी पुष्कळशी सामग्री विचाराच्या इतिहासात घ्यावी लागेल. त्या कामाचा आरंभ समीक्षेने स्वतःच्या वाक्यांपासून करणे सयुक्तिक ठरेल.